तिसरा इफ आणि खालाच्या कोंबड्या

२८ जुलै १९९८, मंगळवार
बियाण्याच्या प्लांटवर दिवसभर पोती. भोकरदनकडून ज्वारीचे चार ट्रक आले. डावा खांदा सुजलाय, सदरा घालताना कळलं.

दुपारी देशमुख साहेबांनी तपासणी खोलीत बोलावलं. हे साहेब ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवतात अन् आठ दिवसांनी किती उगवलं ते बघतात. खोलीत पंखा, खुर्ची, धूळ न्हाई. तिथला पोरगा काम सोडून गेला. साहेब म्हणाले, "दत्ता, तुझी नजर बरी आहे, मोडकं बी बराबर काढतोस. पण इथं कागद इंग्रजीत भरावे लागतात. दहावी पास हो." मी म्हणलं, बाकीचे सगळे विषय निघालेत साहेब, इंग्रजी दोनदा गेली. "मंग ऑक्टोबरला काढ. तोवर जागा धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात न्हाई."

बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म परत भरला. नववीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं सुटलो.

पाच वर्षांत हे चौथं काम. अंकुशनगरला कारखान्यावर एक हंगाम, बदनापूरला हॉटेलात, मंग इथं जालन्यात रोलिंग मिल, अन् आता बियाणं. कुठं काही बिघडलं की पिशवी उचलायची अन् एसटी धरायची. गाव लांब, किनवटच्या पल्याड. माय म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी. भिंगरीला पण दमायला होत असंल.

३१ जुलै, शुक्रवार
शुक्रवारी एमआयडीसीची लाइट बंद, प्लांटला सुटी. सय्यद सर नमाज पढून आल्यावर इंग्रजीची शिकवणी मागायला त्यांच्याकडं गेलो. गेलो म्हणजे काय, अंगण ओलांडलं. त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो. सर उर्दू शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. डोळ्यात मोतीबिंदू, भिंग धरून वाचतात. घरात ते आणि त्यांची विधवा बहीण. सगळी गल्ली तिला खाला म्हणते, मी पण.

सर शिकवणीची फी बिलकुल नको म्हणाले. खाला आतून ओरडली, "नक्को काइकू? तुमारे प्लांटमें चाळणीखाली कनी पडती ना, वो लाके दे मेरी मुर्गियोंको. वो भी पढेंगी!"

नऊ कोंबड्या, एक कोंबडा. अंडी विकून खालाचा साबण, चहापत्ती, गुडघ्याची गोळी निघते. भावापुढं हात पसरत न्हाई, त्याचा तिला लई ताठा.

कनी न्यायला आम्हाला मुभा आहे. चाळणीखाली पडती ती तुटकी ज्वारी, औषध लागायच्या आधीची. पुढं ढोलात बियाण्याला औषध लागतं. त्यात गुलाबी रंग कालवतात, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. गेटवर वॉचमन पिशवी बघतच न्हाई. तळहात बघतो. गुलाबी असले तर पिशवी खाली. पांढरे असले तर "जा".

सरांनी माझी वही तपासली अन् खाली लाल शाईनं एक ओळ उर्दूत ओढली. मला काय कळणार. म्हणाले, "चाळीस वर्षांची आदत. सुन, लिखा है, हाथ अच्छा है, दिमाग सोया हुआ है."

४ ऑगस्ट, मंगळवार
पहिला इफ. पाऊस आला तर मी छत्री घेईन. सर म्हणतात यात अजून काही बिघडलेलं न्हाई, पाऊस यायचाय, छत्री खुंटीला आहे. इफच्या लगत विल घालायचं न्हाई. मी तीनदा घातलं.

बबन माझ्याबरोबर पोती उचलतो. त्यानं विचारलं, इफ म्हंजी काय रे? म्हणलं, जर-तर. "मंग त्याला शिकवणी कशाला? आपल्या साहेबाचं रोज तेच चालू आहे. जर ऑर्डर आली तर जास्त हजेरी. जर गाडी आली तर जेवायची सुट्टी." पाठीवर पोतं असताना हसवतो मेला.

८ ऑगस्ट, शनिवार
कालचं आज लिहून राह्यलो. काल डोळेच मिटले.

दुसरा इफ. जे न्हाईच ते धरून बोलायचं. माझ्याकडं मोटारसायकल असती तर मी पोत्यांना हात लावला नसता. सर म्हणाले, अपना कोई वाक्य बोल, किताब का नको. मला एकच सुचलं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणलो असतो. हिय्या करून इंग्रजीत म्हणलं. इफ आंट हॅड मुस्टॅश, आय वुड कॉल हर अंकल. सरांनी भिंग खाली ठेवलं अन् डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खाला पिठाच्या हातानं बाहेर आली, "क्या हुआ जी?" सरांनी तिला समजावलं. तिनं पदर तोंडाला लावला. "मेरी सास को थी रे दत्ता, सच्ची मुच्छी थी. पन उनको चचा बोलने की हिंमत किसमें?"

लई दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो. वहीखालची ओळ, "आज दिमाग ने करवट ली."

१६ ऑगस्ट, रविवार
मायचं पत्र. शेजारच्या शिकलेल्या पोरीकडून लिहून घेतलेलं. मोठ्या बहिणीला मुलगी झाली. तू कधी येतोस. पास झालास का. म्हातारीला वाटतं परीक्षा रोज असते.

बबन सुरतला जाऊ म्हणतो. कपड्याच्या गिरणीत ओझं न्हाई, नुसता धागा बघायचा. रातभर सुरत डोळ्यापुढं. सकाळी परत पोती.

२० ऑगस्ट, गुरुवार
आजपासून ढोलावर ड्युटी. ढोल फिरतो, वरून औषध पडतं, ज्वारी गुलाबी होऊन खाली येते. पोती उचलण्यापेक्षा बरं, पण नाकातोंडात वास. रुमाल बांधून सुद्धा जेवणाला चव लागत न्हाई.

इफची वाक्यं एका चिठ्ठीवर लिहून ढोलाच्या पत्र्याला चिकटवली. फिरत्या ढोलाकडं बघत पाठ करून राह्यलो. हैदराबादचा नवा केमिस्ट आलाय, त्याला मराठी येत न्हाई. चिठ्ठी बघून म्हणाला, गुड, गुड. त्याचं एवढंच इंग्रजी मला कळलं.

खालाची काळी कोंबडी खुडूक बसली. अकरा अंडी खाली घातली. स्वैपाकघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली. खाला म्हणते, तिला कुणी बोलायचं न्हाई, ती रागीट आहे.

२७ ऑगस्ट, गुरुवार
ढोलावर दुसरा माणूस, मला ट्रक खाली करायला बाहेर काढलं. एक संपेस्तोवर दुसरा. पाणी प्यायला सुद्धा सावली न्हाई.

सुटताना आत गेलो, चिठ्ठी अन् कनी घ्यायला. चाळणीखालची कनी बाकीच्यांनी उचलून नेल्ती. पण ढोलाच्या बाजूला एक ढीग होता, पांढराशुभ्र, टपोरा, तुटका दाणा एक न्हाई. नशीब म्हणलं. पिशवी भरली. माझ्या चिठ्ठीवर कुणीतरी इंग्रजी कागद अर्धा चढवून चिकटवलेला. चिठ्ठी फाटू नये म्हणून तो कागद नखानं हळू सोडवला अन् बाजूला परत लावला. चिठ्ठी शाबूत निघाली.

गेटवर वॉचमन, "हात दाखव. पांढरे. जा."

खाला पिशवीत हात घालून बघत राहिली. "या अल्ला, ये तो मोती है! आमच्या नशिबात पण येवढी साफ नसती." कोंबड्यांना निम्मी टाकली.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी खालाच्या ओरडण्यानं उठलो. चार कोंबड्या अंगणात आडव्या. बाकीच्या माना टाकून, चोचीतून लाळ, उभं राहता येईना. कोंबडा न्हाणीच्या दगडाला टेकून बसलेला, राजा आजारी पडल्यासारखा. दुपारपर्यंत सगळ्या गेल्या. राहिली फक्त डालग्याखालची काळी.

शेजारीण म्हणाली, मानमोडी आली, जल्दी कापा, मास तरी वाया जाऊ देऊ नका. खालानं सुरी आणली पण. सरांनी तिच्या हातातली काढून घेतली. "बीमार जानवर नक्को. मिट्टी में जाने दे."

मीच खड्डा खणला, लिंबाखाली. खाला एकेकीचं नाव घेऊन माझ्या हातात देत होती. नावं होती हे मला ठाऊक नव्हतं.

क्लास झाला न्हाई.

२९ ऑगस्ट, शनिवार
ढोलावर गेलो. त्या कागदासमोर उभा राहिलो. एक एक शब्द बोट लावून वाचला.

इफ द सीड इज नॉट पिंक, डू नॉट टेक. मेडिसिन इज ऑन इट.

बबनला विचारलं, गुरुवारी काय झालं होतं? "रंग संपला होता ना. केमिस्ट म्हणाला औषध लावून घ्या, रंग आला की परत फिरवू. आतल्या सगळ्यांना तोंडी सांगितलं. तू ट्रकवर होता."

मी ट्रकवर होतो. पण कागद माझ्या हातात होता. पहिला इफ. मला येत होता.

जेवलो न्हाई.

३० ऑगस्ट, रविवार
आज जे झालं ते लिहायला हात उठत न्हाई, पण लिहितो.

संध्याकाळी ड्युटीवरून आलो तर खाला सुपात ज्वारी पाखडून राह्यली. तीच. म्हणाली, "आधी ठेवली होती बाजूला. मुर्गियोंको इतनी साफ कौन डालता? आता मुर्गियां राहिल्या न्हाईत, उद्या दळून भाकऱ्या करते. तू पण खा."

 खाला, ती विषाची आहे, एवढंच म्हणायचं. मंग ती विचारणार, तुला कसं ठाऊक. मंग कोंबड्या. मंग खोली, क्लास, सर, सगळंच जाणार.

म्हणलं, किडकी आहे खाला. "कुठं किडकी? तेरी आंखां में कीडे." मी स्टो पेटवायला मदत करतो म्हणून घासलेटचा डबा उचलला अन् सगळा सुपावर पालथा केला.

"अंधा है क्या रे! अरे पूरी गई!" तिनं मला सुपानंच मारलं. लागलं न्हाई. मी सगळी ज्वारी गोळा केली, भांडी घासली, चूल पुसली, हात साबणानं तीनदा धुतले, तिलाही धुवायला लावले. ज्वारी लांब नेऊन खोल पुरली.

परत आलो तर सर ओट्यावर. भिंग हातात, पुढ्यात वाचायला काहीच न्हाई. म्हणाले, "तू कभी कुछ गिराता नहीं, दत्ता." मी म्हणलं, हात घसरला सर. ते म्हणाले, "हां. होता है."

४ सप्टेंबर, शुक्रवार
तिसरा इफ. सर नेहमीसारखे हसत न्हाईत, का मलाच तसं वाटतं. म्हणाले, हा लई जड आहे. गेलेल्या गोष्टीचा. तेव्हा तसं केलं असतं तर आज असं झालं नसतं. यात कुणी काही करू शकत न्हाई, नुसतं बोलू शकतो. इफ, हॅड, मंग वुड हॅव.

मराठीत हे मला कुणी शिकवलं न्हाई. माय दिवसभर हेच बोलते. तुझा बाप असता तर. तू शिकला असतास तर. इंग्रजीत तेच बोलायला तीन तीन शब्द जोडावे लागतात, अन् मधे अडकलं की घाम फुटतो.

खाला आता अंड्यांच्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवते. आज तिनं सरांकडं गोळीला पैसे मागितले. हळू आवाजात. मी भिंतीपल्याड होतो.

७ सप्टेंबर, सोमवार
ड्युटीला गेलो न्हाई. पिशवी भरली, एसटी स्टँडवर गेलो. नांदेडची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "येतो का रे, का नुसता बघतोस?" बघत राहिलो. गाडी गेली. दुसरी लागली, ती पण गेली. चहावाल्यानं दोनदा बाकडं पुसलं.

मिल सोडून गावी जाताना असंच इथं बसलो होतो. तेव्हा पाण्याचा पाइप माझ्या हातून फुटला होता. त्याआधी बदनापूरला काचेचं कपाट. दर वेळी गाडीत बसलो की निम्मं विसरायचो. या वेळी वाटलं, काळी कोंबडी डोक्यात बसून बरोबर येईल.

परीक्षेचं हॉल तिकीट सरांच्या पत्त्यावर यायचंय, म्हणून परतलो. असं मी मला सांगितलं.

बबन म्हणाला, साहेब विचारत होते. ताप होता म्हणालो.

११ सप्टेंबर, शुक्रवार
पिलं निघाली. अकरातली सहा. खाला सकाळपासून डालग्याजवळ. मला हाका मारून बोलावलं. "देख, देख, ये वाला कैसा गर्दन उठाके देखता, साहेब है साहेब." एक माझ्या तळहातावर ठेवलं. वजनच न्हाई त्याला.

सरांचा अभ्यास, तिसऱ्या इफची पाच वाक्यं. "किताब की नक्को. खुद की. जो तेरे साथ हुआ." बोलताना माझ्याकडं बघत नव्हते. पण त्यांना तसं बी नीट कुठं दिसतं.

१७ सप्टेंबर, गुरुवार
चार वाक्यं झाली. शाळा सोडली नसती तर पास झालो असतो. बाप जगला असता तर मी गाव सोडलं नसतं. सुरतला गेलो असतो तर धागा बघत बसलो असतो. छत्री नेली असती तर भिजलो नसतो (हे भरतीचं).

पाचवं लिहितो अन् खोडतो. तोंडानं मराठीत सांगायला जीभ उठत न्हाई. इंग्रजीत आपली नसलेली भाषा, दुसऱ्याच कुणाचा तरी गुन्हा लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून कदाचित लिहिता येईल.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
लिहिलं.

इफ आय हॅड रेड द पेपर ऑन द ड्रम, खालाज हेन्स वुड नॉट हॅव डाइड.

वही सरांच्या टेबलावर ठेवली. सर मशिदीतून आले नव्हते. थांबलो न्हाई.

२२ सप्टेंबर, मंगळवार
आलो तर सरांची खोली बंद. औरंगाबादला राहणारा त्यांचा मुलगा अचानक येऊन त्यांना तिकडं घेऊन गेला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. नंबर आधीच लागला म्हणे. महिनाभर तिकडंच.

खालानं वही दिली. "भाईजान देके गए. बोले, दत्ता को देना."

चार वाक्यांना बरोबरची खूण. तिसऱ्यात एक अक्षर सुधारलेलं. पाचव्याला खूण न्हाई. चूक पण न्हाई. खाली लाल शाईत उर्दूची ओळ, नेहमीपेक्षा लांब, शेवटी शेवटी ओळ खाली उतरलेली.

दर वेळी स्वतः वाचून सांगायचे.

२५ सप्टेंबर, शुक्रवार
मशिदीजवळ घड्याळवाला आहे, त्याला उर्दू येतं. वही घेऊन दुकानापर्यंत गेल्तो. तो डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडत होता. म्हणाला, "बोलो." म्हणलं, पट्टा आहे का? पट्टा बघितला, परत आलो. तो ती ओळ वाचणार म्हणजे वरचं वाक्य बघणार. गल्लीत कुणाच्या कोंबड्या मेल्या हे सगळ्यांना ठाऊक.

सर गेल्यावर घरात उर्दू वाचणारं एकच माणूस, खाला. खालानं वही मला देण्याआधी उघडली असंल का? इंग्रजी तिला येत न्हाई. पण उर्दूची ओळ तर उघडी आहे. चार दिवस तिच्या तोंडाकडं बघून राह्यलो. काही कळत न्हाई. भाकरी देते, तसंच ओरडते.

आज म्हणाली, "चूजे बडे हो रहे. कनी बंद काइकू की तूने?"

म्हणलं, आणतो.

२ ऑक्टोबर, शुक्रवार
आणली न्हाई. खाला शिळी भाकरी कुस्करून घालते. एक पिलू मांजरानं नेलं. पाच राहिली.

हॉल तिकीट आलं. सोमवारी १२ तारखेला इंग्रजी. देशमुख साहेब म्हणाले, दुसऱ्या एका पोराचा अर्ज आलाय, लवकर काय ते कर. अभ्यास करतो, पण वही उघडली की तेच पान उघडतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
काल चाळणीखाली स्वतः बसून कनी झाडली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई. बबन म्हणाला, काय सोनं चाळतोस का. गेटवर हात दाखवले. पांढरे. वॉचमन "जा" म्हणाला तरी मी उभाच. "आता काय आरती करू?"

खोलीवर येऊन त्यातली मूठभर आधी मी चावून खाल्ली. रातभर काही झालं न्हाई. सकाळी पिलांना टाकली. पाचही तुटून पडली. काळी आधी माझ्या पायाला टोचून गेली.

खाला ओट्यावर बसून बघत होती. तिला म्हणलं, मुंग्या लागल्या का बघून घ्या. म्हणाली, "तू लाया ना, फिर क्या देखना."

तिथंच मी वही काढली. पान उघडून तिच्यापुढं धरलं. म्हणलं, खाला, सरांनी इथं काय लिहिलंय ते वाचून सांगा. अन् त्याच्यावरचं वाक्य इंग्रजी आहे, ते मी सांगतो. आधी तुमचं वाचा, मंग माझं. न्हाईतर आधी माझं.

तिनं हात पदराला पुसले. "ठैर, चश्मा लाती."

आत गेलीय. डबे सरकवल्याचा आवाज येतोय. खिशातल्या पेन्सिलीनं हे वहीच्या मागच्या पानावर लिहून राह्यलो. सोमवारी पेपर आहे. पिशवी खुंटीला आहे, रिकामी. पिलं पायाभोवती.

चश्मा सापडला वाटतं. येतेय